बांगलादेशच्या मंत्री, तळेगाव

तळेगाव (श्यामजी पंत)
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

पोस्टातल्या बाईच्या भाचीनेच पत्र लिहिलं नाही तर आमच्या पोस्टाचं कसं व्हायचं, असं तू दिवाळीत म्हणालीस. घे, लिहिलं. पण खरं कारण तुलाही माहीत आहे. आमच्या घरात फोन एक, तोही कायम स्पीकरवर, आणि तुझं नाव स्क्रीनवर दिसलं की आई भाजी चिरायची थांबते. तेव्हा उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर पाठव, प्रमिला मॅडमच्या नावाने. त्या मला देतील.

वर्ध्याच्या एका अभ्यास मंडळाने बारावीपर्यंतच्या मुलांसाठी निबंध स्पर्धा ठेवली आहे. विषय आंतरराष्ट्रीय संबंध. मॅडमनी माझं नाव न विचारताच देऊन टाकलं. पण हा नेहमीचा निबंध नाही. प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची, तिच्यात एका देशाचं नाव. आपण त्या देशाचे मंत्री व्हायचं आणि शेजाऱ्याला झोंबलेल्या आपल्या एखाद्या निर्णयाची बाजू मांडायची. ज्यांची निवड होईल त्यांनी वर्ध्याला जाऊन लोकांसमोर वाचायचं. मग लोक प्रश्न विचारणार आणि उत्तरंसुद्धा मंत्री म्हणूनच द्यायची. मध्येच "मला स्वतःला विचाराल तर" असं काही तोंडातून निघालं की बाद.

जागृतीला भूतान मिळाला. ती नाचतच घरी गेली. मला बांगलादेश.

आता सांग, मी काय करू? टीव्हीवर नुसतं ते नाव आलं तरी बाबा चॅनल बदलतात. आपली बाग एका अंगाला मुरमाड, तिथला संत्रा बारका राहतो. मोठा माल नागपूरला, हैदराबादला खपतो, बारका सगळा तिकडे जायचा. तिकडच्या सरकारने आयात ड्यूटी वाढवत वाढवत अशी नेली की आता व्यापारी आपल्या बागेच्या फाटकापर्यंतसुद्धा येत नाही. यंदा निम्मा माल झाडाखालीच सडला. पुढच्या महिन्यात झाडांचं पाणी तोडून त्यांना ताणावर सोडायचं आणि जानेवारीत पाणी दिलं की फुलं येतात. पण यंदा पाणी द्यायचं की आरा लावायचा, हेच बाबांचं ठरत नाही. सकाळी म्हणतात तोडतो, संध्याकाळी झाडांना आळी करत बसतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तू तुया पुस्तकात पाह्य."

घरात मी सगळ्यात जास्त शिकलेली आणि मलाच कोणी काही विचारत नाही. याचा मला इतका राग येतो की एका जागी बसवत नाही. नाव मागे घेऊ का?

तुझी,
खुशी


सिंदी (रेल्वे)
२२ नोव्हेंबर २०२५

चि. खुशीस,

तुझं पत्र काउंटरवर माझ्याच हाताने फोडलं. आमचे साहेब म्हणाले, मोहिनीताई, पगार इथे घेता आणि डाकही स्वतःचीच येते.

नाव मागे घेशील तर माझ्याशी गाठ आहे. तुझी चिठ्ठी तू उचललीस, ती काही दादाने लावलेली बाग नाही. बांगलादेश तर बांगलादेश. त्यांचीही काही बाजू असेलच ना? ती शोध. वाचनालयात जा, मॅडमच्या फोनवर बघ, पण अर्धवट लिहू नकोस. तुझ्या घराण्यात अर्धवट कामं करायला तुझे काका पुरेसे आहेत.

दादाचं मी बघते. लहानपणापासून त्याला कसं वळवायचं ते मला कळतं. समोरून सांगितलं की तो अडून बसतो, बाजूने सांगितलं की चालायला लागतो.

आणि जेवत जा नीट. आई सांगते तू ताटावरून उठून येरझारा घालतेस.

आत्या


तळेगाव (श्यामजी पंत)
८ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

लिहिलं, पाठवलं आणि निवडसुद्धा झाली! चार जानेवारीला, रविवारी, वर्ध्याला वाचायचं आहे.

पण लिहिताना मला काय झालं ते सांगते. आधी मी ठरवलं होतं की वरवर बाजू घ्यायची आणि आतून चिमटे काढायचे. मग वाचायला लागले. त्यांच्याकडे डॉलर कमी पडले. डॉलर कमी पडले की आधी औषधं, मग तेल, मग खतं आणि मग फळं. त्यांच्याकडे डोंगरात शेतकरी मोसंबीसारखं एक फळ लावायला लागलेत, त्यांनाही वाचवायचं आहे. मी मंत्री असते तर मीही हेच केलं असतं. आत्या, हे लिहून झालं आणि मी बाहेर आले तर समोर बाबा सडका माल खड्ड्यात लोटत होते. मला वाटलं मी घरातलंच कोणाचं तरी काही चोरून आले आहे.

झाडं आता ताणावर सोडलीत. पानं मलूल झालीत. बाबा त्यांच्याकडे बघत फिरतात आणि मी बाबांकडे.

एक विचारायचं होतं. तू बाबांना नेमकं काय सांगितलंस? परवापासून ते माझ्याशी फार गोड वागतायत.

खुशी


सिंदी (रेल्वे)
१३ डिसेंबर २०२५

चि. खुशीस,

शाब्बास! पेढे मी वाटले. तुझे आतोबा म्हणाले, अजून नंबर यायचा आहे. मी म्हटलं, आला की पुन्हा वाटू.

दादाला मी एवढंच सांगितलं की खुशी परदेशाच्या ड्यूटीवर आणि आपल्या संत्र्यावर निबंध लिहितेय आणि वर्ध्याला मोठ्या लोकांसमोर वाचणार आहे. यात खोटं एक अक्षर तरी आहे का, दाखव. बाकी त्याने जे समजायचं ते समजलं. "आपल्या संत्र्याची गोठ सांगनारं कोनी तं निंघालं," म्हणाला. फोनवर त्याचा आवाज इतका मोकळा मी किती दिवसांनी ऐकला.

तू उगीच घाबरून बसू नकोस. वाचन वर्ध्याला, दादा तळेगावात. रविवारी तो आर्वीच्या बाजाराला जातो. निबंध वाच, घरी ये, बक्षीस दाखव. कागद कोण वाचतो?

आत्या


तळेगाव (श्यामजी पंत)
२८ डिसेंबर २०२५

आत्या,

तू फार मोठा घोळ करून ठेवला आहेस.

बाबा येणार आहेत. एकटे नाही. बोलेरो सांगितली आहे. शेजारच्या बागेचे रूपराव काका येणार, आणखी बागवाले येणार आणि परीक्षकांना द्यायला निवडक संत्र्यांचं एक क्रेट येणार. रूपराव काकांनी सडक्या ढिगाचे फोटो मोठे करून आणले आहेत. ते मला म्हणतात, "वाचता वाचता हे वर करून दाखोजो पोरी, बसल्या जागी रडले पायजे सारे."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाबा. रोज संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसतात. हे टाकलं का, ते टाकलं का विचारतात. पूर्वी ट्रक कसे लागायचे, बारका माल वेगळा कसा काढायचे, बंगालच्या बॉर्डरवरून ड्रायव्हर फोन कसे करायचे, सगळं सांगतात. मला बागेतलं हे काहीच माहीत नव्हतं. "लिहिजो, आमी त्याईचं काय वाकडं केलं होतं?" म्हणतात. मी मान हलवते. जन्मात पहिल्यांदा बाबा माझ्याशी रोज बोलतायत, मोठ्या माणसाशी बोलावं तसं, आणि ते सगळं खोट्यावर उभं आहे. सांगितलं तर उद्यापासून बंद होईल. नाही सांगितलं तर रविवारी सगळ्या गावासमोर होईल.

तीनदा सांगायला गेले. एकदा तर "बाबा, माझी चिठ्ठी..." इथपर्यंत पोचलेही. ते म्हणाले, "चिठ्ठीगिठ्ठी काई नाई, तोंडपाठ कर, कागदात पाहून बोलनाराचं कोनी आयकत नाई."

तू ये. वर्ध्याला तरी ये. सिंदीहून कितीसं लांब आहे?

खुशी


सिंदी (रेल्वे)
६ जानेवारी २०२६

चि. खुशीस,

पहिला नंबर! आज पेपरात आतल्या पानावर तुझं नाव पाहिलं आणि साहेबांच्या टेबलावर आपटलं.

रविवारी निघणारच होते, पण सासूबाईंना ताप भरला आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. दिवसभर जीव वर्ध्यात होता. संध्याकाळी मीच दादाला फोन लावला. त्याचं उत्तर ऐक. "बरं वाचलं पोरीनं." संपलं. आता दादाला तू ओळखतेस. माझ्या लग्नातसुद्धा तो "बरं झालं" एवढंच म्हणाला होता आणि मग गोठ्यात जाऊन रडला होता. त्याच्या तोंडून "बरं" म्हणजे आपल्याकडचं भारतरत्न. तेव्हा बघ, मी म्हणत होते ना? उगीच जीव काढलास स्वतःचा आणि माझाही.

आता बक्षिसाचा फोटो पाठव आणि बारावीच्या अभ्यासाला लाग.

आत्या


तळेगाव (श्यामजी पंत)
१० जानेवारी २०२६

आत्या,

बाबा तुला काही बोलले नाहीत. ते मलाही काही बोललेले नाहीत, त्या दिवसापासून. म्हणून तू ऐक.

मी वाचायला उभी राहिले तेव्हा आपली माणसं दुसऱ्या रांगेत होती. बाबांनी लग्नातला पांढरा सदरा घातला होता. मी सुरुवात केली, "मी बांगलादेशची वाणिज्य मंत्री." रूपराव काका हसले, त्यांना वाटलं नाटकातलं काही आहे. मग मी डॉलर, औषधं, खतं, फळं असं वाचत गेले आणि त्यांचे चेहरे बदलत गेले. काका उठूनच उभे राहिले. "हे काय होय रे ज्ञानेश्वर? हे तं त्याईचीच बाजू घेऊन राह्यली!" बाबांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मी कागद संपवला.

प्रश्न सुरू झाले. एका प्राध्यापकांनी विचारलं, एका मुलीने विचारलं. मग बाबा उभे राहिले. मला वाटलं आता म्हणतील, चल घरी.

ते म्हणाले, "मॅडम, मी बागवाला हावो. तुमच्या लोकाईले आमचा संत्रा आंबट लागला का?"

मला मॅडम म्हणाले, आत्या. तुमच्या म्हणाले. सभागृह हसलं, पण बाबा हसत नव्हते. मी म्हटलं, "नाही, तुमचा संत्रा गोड आहे. पण आमच्याकडे पैसा मोजका आहे. आधी औषध घ्यावं लागतं."

"बराबर हाय," बाबा म्हणाले. "मंग आमी काय कराव? तुमच्या भरवशावर झाडं लावली."

एवढं विचारून ते तसेच उभे राहिले. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. "याचं उत्तर माझ्याकडे नाही," म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी मंत्री झाले होते ना! माझ्या तोंडून निघालं, "एकाच गिऱ्हाइकावर बाग लावा असं आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं."

टाळ्या पडल्या. लोकांना माहीत नव्हतं तो माणूस माझा कोण आहे. बाबा "बरं" म्हणाले आणि बसले.

येताना बोलेरोत बाबा ड्रायव्हरजवळ बसले. रूपराव काकांनी क्रेट परत आणलं, परीक्षकांना दिलंच नाही. प्रमाणपत्र टीव्हीवर पडलंय, आईनेसुद्धा त्यावरची धूळ पुसलेली नाही. बाबा जेवतात, बागेत जातात, येतात, झोपतात. पाणी द्यायची वेळ आली आहे आणि पाणीही देत नाहीत.

माफी मागू का? मागायला जाते आणि दारातून परत येते. कारण आत्या, उत्तर बरोबर होतं. तसं नसतं तर मी केव्हाच पाय धरले असते.

खुशी


सिंदी (रेल्वे)
१५ जानेवारी २०२६

खुशी,

तुझं पत्र वाचलं आणि काउंटर बंद करून मागे जाऊन बसले. आधी तुझ्यावर संतापले. चारचौघांत बापाला असं बोलतात? मग माझ्यावर संतापले. तुला मीच चढवलं, त्याला मीच भुलवलं आणि दोघं समोरासमोर आलात तेव्हा मी सासूबाईंच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते.

माफी माग. उत्तर बरोबर असेल, असू दे. माझा दादा सभेत कधी तोंड उघडत नाही. ग्रामसभेतसुद्धा भिंतीला टेकून बसतो. तो उभा राहिला, पोटच्या पोरीला मॅडम म्हणाला आणि तू त्याच्या तोंडावर दार लावलंस. बरोबर असण्याचं काय लोणचं घालायचं आहे?

एवढं लिहून ठेवलं होतं. त्यानंतर आज दुपारी काय झालं ते ऐक. दादा इथे आला. न कळवता, एकटा, एसटीने. काउंटरसमोर रांगेत उभा राहिला, माझा भाऊ असून! नंबर आला तेव्हा म्हणाला, "एक पाकीट दे." मी म्हटलं, "कोनाले लिहून राह्यला?" म्हणाला, "परदेशात." आणि तुझ्या कॉलेजचा पत्ता माझ्याकडून नीट लिहून घेतला. मी चहा पाजला, त्याने मुलांची चौकशी केली, तुझं नाव काढलं नाही. मी विचारलं, रागावलास का पोरीवर? तर म्हणाला, "राग येते. पन ते वायलं, येगळं."

त्या पाकिटात काय आहे मला माहीत नाही. मी चिकटवलं आणि शिक्का मारला, बस्स. जे असेल ते पोटात घाल आणि उलटून उत्तर देऊ नकोस. एवढं माझं ऐक.

आत्या


तळेगाव
१४ जानेवारी

श्रीमती वाणिज्य मंत्री, बांगलादेश यांस,

मी ज्ञानेश्वर, संत्रा बागवाला, वर्ध्याले तुमाले प्रश्न इचारला होता तो. मले पुस्तकातलं लिहिता येत नाई, बोलतो तसं लिहितो.

घरात बोललो असतो पन घरात बोललो का बाप बोलते आन पोरगी आयकते. मंग बाप चिडते आन पोरगी उठून जाते. म्हनून पोष्टानं.

तुमी त्या दिवशी बोलल्या ते मले लागलं. खोटं कायले सांगू. रूपराव म्हने पोरीच्या थोबाडात द्याची होती. पन मी घरी येऊन इचार केला. इतके वर्स व्यापारी म्हनत होता ड्यूटी अवंदा उतरन, पुढच्या साली उतरन. दलाल म्हने उतरन. पुढारी म्हने आमी बोलून राह्यलो, उतरन. साऱ्याईनं गोड सांगतलं आन मी पानी देत गेलो. तुमी एकट्या खरं बोलल्या, आन तुमी तं परदेशाच्या.

तं आता मले सांगा. तुमची ड्यूटी येत्या तीन-चार वर्सात उतरन का? मले दिलासा नोको. झाडं ताणावर हायेत, लय दिस ठेवता येत नाई, मरून जातीन. पानी देऊ का आरा लावू? माया घरात एक पोरगी हाय, शिकलेली हाय, तिले म्या कधी इचारलं नाई. तिले इचारलं तं ते बापाकडं पाहून बोलन. म्हनून तुमाले इचारतो.

उत्तर लवकर धाडजा.

ज्ञानेश्वर


तळेगाव (श्यामजी पंत)
२० जानेवारी २०२६

श्री. ज्ञानेश्वर यांस,

आपलं पत्र मिळालं. आपण उत्तर लवकर मागितलं आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

येत्या तीन-चार वर्षांत आमची ड्यूटी तुमच्या उपयोगी पडेल इतकी उतरेल असं मला दिसत नाही. उतरली तरी पुन्हा वाढणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. आमच्या तंगीवर ते ठरतं, तुमच्या कष्टावर नाही. त्यामुळे आमच्या भरवशावर एकाही झाडाला पाणी देऊ नका. जो माल मोठा होतो आणि इकडेच खपतो, तेवढीच झाडं राखा. मुरमाड अंगाचा बारका माल आमच्यासाठी होता. तो आम्ही घेणार नाही. कुठलं झाड कुठल्या अंगाचं, हे मंत्र्याला कळत नाही. ते तुम्हाला कळतं.

सभेत मी बोलले त्यातला शब्द मागे घेत नाही. पण ते बोलताना आपण उभे होता आणि माझ्यासाठी उभे होता, हे मला दिसत होतं.

मंत्री, बांगलादेश

बाबा, मुलीचं मत तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून ते लिहीत नाही. फक्त ज्या दिवशी आरा लावाल, त्या दिवशी मला कॉलेजला पाठवू नका. झाड पाडताना दोरी धरायला दुसरं माणूस लागतं.